गंगाराम तांबटचं नाव लिहा की

पेशवाईतल्या पुण्यावर कुणी काही लिहिलं की खाली एक जुनं चित्र असतंच, आणि त्याखाली लिहिलेलं असतं 'जुनं चित्र' किंवा 'साभार इंटरनेट'. अहो, इंटरनेटने कधी ब्रश धरलाय का?

पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे त्यांच्या प्राणिसंग्रहातला, तो गेंडा बघा, १७९० चा. तो काढलाय गंगाराम तांबटने, आपल्या पुण्याचा माणूस, ब्रिटिश रेसिडेंट (पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील) मॅलेटकडे काम करायचा, आणि चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. एवढं एका ओळीत मावतं.

आणि तो फेमस दरबार, सवाई माधवराव आणि मॅलेट, तो थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवला, प्रसंगानंतर पंधराएक वर्षांनी, तेही जेम्स वेल्सच्या स्केचेसवरून, आणि वेल्स १७९५ लाच वारला होता. हे लिहिलं नाही तर लोक त्याला डोळ्यांदेखतचा पुरावा समजतात आणि कुठला सरदार कुठे बसला होता यावर हमरीतुमरीवर येतात.

म्हणून माझं ठरलंय, चित्रकार, साल, आत्ता चित्र कुठे आहे, आणि कशावरून काढलं ते कळलं तर तेही. सापडलं नाही तर 'चित्रकार अज्ञात' लिहायचं, पण क्रॉप करून कोपऱ्यातली सही उडवायची नाही म्हणजे नाही.