२८ सांध्यांपलीकडे

आमवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णाचे आम्ही २८ सांधे मोजतो. प्रत्येक सांधा अंगठ्याने इतकाच दाबायचा की दाबणाऱ्याच्या नखाची लाली जाऊन ते पांढरे पडावे. त्याहून कमी दाबला तर दुखरा सांधा निसटतो, जास्त दाबला तर निरोगी सांधाही कळवळतो. सुजेचा मऊ लिबलिबीतपणा आणि हाडाचा टणक उंचवटा यांतला फरक बोटांना कळायला मला काही वर्षे लागली आणि त्याचा मला अभिमान आहे. या मोजणीत पावले आणि घोटे मुळीच धरले जात नाहीत. ज्यांचा आजार पावलांतच ठाण मांडून बसतो त्यांच्यावर हा सरळ अन्याय आहे.

या बाई ३८ वर्षांच्या. मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या नेहमीच्या औषधाने त्यांना फरक बेताचाच पडत होता आणि मळमळ पुष्कळ होत होती. चार महिने त्या फिरकल्या नाहीत, तेव्हा दोन्ही मनगटे सुजवूनच परत येणार असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात दोन सांधे दुखरे निघाले आणि एक सुजलेला. मी पुन्हा मोजले. आकडे तेच आले. मग त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. चिनी वैद्यकात लेइ गोंग तेंग आणि इतरत्र थंडर गॉड व्हाइन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेलीच्या मुळाचा तो अर्क होता. मेथोट्रेक्सेट त्यांनी परस्पर बंद केले होते.

"याला काही पुरावा नाही," मी म्हणाले. हे वाक्य आम्हा लोकांच्या तोंडात इतके बसले आहे की ते उच्चारण्यापूर्वी काही वाचावे असे कोणाला वाटत नाही.

"पण डॉक्टर, सांधे तर आत्ता तुम्हीच मोजलेत."

त्या रात्री मी वाचायला बसले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२१ रुग्णांवर २४ आठवडे या अर्काची सल्फासलाझिन या आमवातावरच्या दुसऱ्या औषधाशी तुलना झाली होती आणि ठरलेली किमान सुधारणा अर्क घेणाऱ्यांत साधारण ६५ टक्के, तर सल्फासलाझिन घेणाऱ्यांत ३३ टक्के रुग्णांना मिळाली होती. मात्र दोन्ही गटांतून गळती मोठी होती. २०१४ च्या चिनी चाचणीत २०७ रुग्ण होते. तेथे निम्म्याने सुधारलेल्यांचे प्रमाण मेथोट्रेक्सेटवर ४६.४ टक्के, अर्कावर ५५.१ टक्के आणि दोन्ही मिळून ७६.८ टक्के निघाले. मेथोट्रेक्सेटची आठवड्याला १२.५ मिलिग्रॅम ही मात्रा पाहून मी नाक मुरडले, कारण गरज पडल्यास आम्ही २० च्याही पुढे जातो. शिवाय आपण काय घेत आहोत हे रुग्णांना ठाऊक होते. तरीही माझे वाक्य खोटे होते, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्यानंतर दुष्परिणामांचा भाग वाचला, जो मी सवयीने शेवटी ठेवते. या वेलीतील ट्रिप्टोलाइड हे द्रव्य पेशींतील जनुकांचे वाचन करणाऱ्या यंत्रणेतील एका प्रथिनाला जखडते. दाह त्यामुळे शमतो, पण बीजांडकोशालाही इजा होते आणि पाळी थांबू शकते, वय जितके जास्त तितकी ती परतण्याची आशा कमी. औषधासाठी मुळाचा साल काढलेला गाभाच वापरायचा असतो, कारण साल आणि पाने विषारी असतात. बाटलीवर फक्त 'मूळ' एवढेच छापलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावून घेतले. पाळी तीन महिने आलेली नव्हती. "वय झालं असेल असं वाटलं, म्हणून बोलले नाही," त्या म्हणाल्या. मेथोट्रेक्सेट का सोडले, हा प्रश्नही मी तेव्हाच प्रथम विचारला. त्यांना मूल हवे होते, आणि या औषधाने गर्भाला अपाय होतो हे त्यांनी वाचले होते, जे अगदी बरोबर आहे. उपचार सुरू करताना मी याविषयी विचारले होते, तेव्हा उत्तर 'नाही' असे आले होते. त्याला तीन वर्षे झाली होती. आमच्या तपासणीच्या तक्त्यात सकाळी सांधे किती मिनिटे आखडतात याला रकाना आहे, मूल हवे आहे का याला नाही.

बाटली बंद केली. गर्भधारणेत चालणारे औषध म्हणून मी सल्फासलाझिन लिहून दिले, म्हणजे २००९ साली याच वेलीसमोर फिके पडलेले औषध. सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा उजवे मनगट पुन्हा सुजले होते आणि सात सांधे दुखरे होते. पाळी अजून आलेली नव्हती.

"मला मूल नको असतं, तर तुम्ही ती बाटली चालू ठेवू दिली असती का?" त्यांनी विचारले.

मी फोलिक ॲसिडची मात्रा लिहीत राहिले.