जनरेटरसाठी घरी बनवलेला गाडा

जनरेटरचा गाडा आज पूर्ण झाला आणि मनापासून समाधान वाटले. सुमारे ४५ किलोंचे ते धूड उचलताना कंबर भरून येत असे. २५ मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी पाइपची चौकट, एका बाजूला १० इंची हवेची चाके आणि दुसऱ्या बाजूला रबरी बूट घातलेले पाय, अशी रचना मी मुद्दाम निवडली; चारही कोपऱ्यांना मोकळी चाके असती, तर इंजिनाच्या थरथरीने गाडा जागेवरून सरकत राहिला असता. चाकांचा आस वजनाच्या मध्याजवळ घेतल्यामुळे दांडा उचलताना हाताला फारसा भार जाणवत नाही. कंपनाने नट ढिले होतात, म्हणून नायलॉनचे कडे असलेले नटच लावले. धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. आता जनरेटर दारे-खिडक्यांपासून दूर, उघड्यावर नेणे घरातल्या कोणालाही एकट्याने जमेल.