भरलेला खड्डा

वादळ ओसरल्यावरच्या सर्व्हेत समुद्रातल्या पवनचक्कीच्या खांबाभोवतीचा तळातला खड्डा जवळजवळ भरलेला दिसला. बोटीवर सगळे खूश. मीही होतो, दोनेक तास.

खांब म्हणजे ६ मीटर व्यासाची पोलादी नळी, वाळूच्या तळात ठोकलेली. प्रवाह तिच्यावर आदळला की त्यातलं थोडं पाणी खाली वळतं, तळाशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा धरतं आणि वाळू उकरत बसतं. नुसत्या प्रवाहात खड्डा व्यासाच्या साधारण १.३ पट खोल जाईल असं आराखड्यात धरतात, म्हणजे इथे ७.८ मीटर. मागच्या सर्व्हेत तो ५.४ होता. आता १.९.

यात चमत्कार काही नाही. लोकांना वाटतं वादळच तळ उकरतं. पण खांब एवढा जाड असला की लाटांच्या पुढे-मागे हेलकावण्यात तो भोवरा नीट धरतच नाही, उलट ढवळलेली वाळू येऊन खड्ड्यात बसते. खरी उकर रोजच्या भरती-ओहोटीची, त्यातही उधाणाच्या दिवसांची. आणि ही नवी वाळू भुसभुशीत असते, मूळ तळासारखी दाबून बसलेली नसते. खड्डा वाढत गेला तसा खांबाच्या डोलण्याचा वेग मंदावला होता. वर बसवलेल्या संवेदकांत तो अजून पुरता मूळपदावर आलेला नव्हता. ऑफिसच्या मेलमध्ये मात्र ‘खड्डा बरा झाला’. जणू गळू होतं.

मला खटकत होती ती पवनचक्कीची वीज नेणारी केबल. या जागी खांबाभोवती दगड टाकलेले नाहीत. खड्डा पडणारच हे धरून खांब तेवढा खोल ठोकलाय, आणि हिशोब म्हणून ते बरोबरच आहे. पण केबल काही ठोकता येत नाही. ती खांबातून बाहेर पडते आणि वाळूत शिरते. मधली वाळू गेली की लोंबकळते, प्रवाहात थरथरते, तोंडाशी घासते. मागच्या अहवालात ‘केबल उघडी पडलेली नाही’ हे वाक्य माझंच होतं.

रात्री जुनी कच्ची फाइल उघडली. मल्टिबीमचा, म्हणजे ध्वनी सोडून तळ मोजणाऱ्या यंत्राचा, डेटा साफ करणं हे काम बाहेरच्यांना बटण दाबण्याइतकं सोपं वाटतं. पाण्यातला ध्वनिवेग जरा चुकला की सपाट तळाच्या दोन्ही कडा वर वळतात आणि तळ हसल्यासारखा दिसतो. ते ओळखणं सोपं. खांबाजवळ मात्र पोलादावरून उसळलेले प्रतिध्वनी, बुडबुडे, मासे, सगळ्यांचे ठिपके तळाच्या वर तरंगतात. हाताने घेरा काढायचा, डिलीट. घेरा, डिलीट. अहवाल २४ तासांत हवा असतो.

त्या पुसलेल्या ठिपक्यांत एक रांग होती. खांबापासून तिरकी खाली उतरत गेलेली, ९ मीटर लांब, मध्ये खड्ड्याच्या उतारापासून दीड मीटर वर. मासे असे रांगेत उभे राहत नाहीत. शेजारच्या दोन फेऱ्यांतही ती त्याच जागी होती. तिन्ही वेळा मीच पुसलेली.

सकाळी मालकाच्या प्रतिनिधीला दाखवली. त्याने बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, ‘आत्ता तर पुरलेली आहे ना?’ आहे. केबल शोधणाऱ्या यंत्राने वर १.२ मीटर वाळू दाखवली. मी म्हटलं, ही वाळू पुढच्या उधाणांत परत निघून जाईल, आणि आधी केबल किती महिने हवेत, म्हणजे पाण्यात, झुलत होती ते कोणालाच माहीत नाही. तो म्हणाला, ‘हे काही रॉबिन रिग नाही.’ स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या सॉलवे खाडीतल्या त्या प्रकल्पात तळ धुपल्याने ६० पैकी २ पवनचक्क्या काढाव्या लागल्या होत्या, २०१५ मध्ये. नाहीच हे रॉबिन रिग. तिथे वाळूचा अख्खा दांडा सरकत होता, इथे एक केबल आहे. पण ‘त्याहून बरं’ हे माप कुठून आलं?

रोबो कॅमेरा सोडून पाहिला. पाणी इतकं गढूळ की त्याला स्वतःचा दिवासुद्धा दिसेना.

सुधारित अहवाल माझ्या सहीने गेला, ते वाक्य खोडून. आता प्रत्येक खेपेला साफ केलेल्या फाइलबरोबर कच्चीही जोडतो. परवा ऑफिसातून विचारणा आली, एवढ्या जड फाइल्स कशाला पाठवता?