क्वाड मागवायचा होता, आला क्वाट्रो

जर्मनीत आमच्या बाल्कनीत टीव्हीची डिश छत्री आहे, ॲस्ट्रा १९.२ अंश पूर्व या सॅटेलाइटकडे लावलेली, आणि रिसीव्हर दोन ट्यूनरवाला, म्हणजे एक चॅनल बघताना दुसरं रेकॉर्ड करता यावं असा. तरी पोरीने कीका हे मुलांचं चॅनल लावलं की माझं आर्टे चॅनलच्या डॉक्युमेंटरीचं रेकॉर्डिंग काळं. दोष रिसीव्हरचा नाही, एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोर सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, ती सिंगल होती, एकाच केबलची.

म्हणजे बघा, सॅटेलाइटवरून चार गठ्ठ्यांत चॅनल येतात, लहरी उभ्या की आडव्या यावरून व्हर्टिकल-हॉरिझॉन्टल, आणि त्यात परत फ्रिक्वेन्सीप्रमाणे लो-हाय बँड. रिसीव्हरने केबलवर १३ व्होल्ट दिले की व्हर्टिकल, १८ दिले की हॉरिझॉन्टल, वर २२ किलोहर्ट्झचा टोन सोडला की हाय बँड. एका केबलमधून एका वेळी एकच गठ्ठा उतरतो. कीका ११३४७ मेगाहर्ट्झ व्हर्टिकलवर, आर्टे ११४९४ हॉरिझॉन्टलवर, मग कसं जमणार! पण आर्टे आणि दास एर्स्टे हे दुसरं चॅनल, दोन्ही ११४९४ वरच आहेत, त्यामुळे ते दोन एकदम एकाच ट्यूनरवर आरामात रेकॉर्ड होतात. हे कळायला मला वर्ष लागलं.

मग चार आउटपुटवाला एलएनबी मागवला, घाईत क्वाडऐवजी क्वाट्रो. दिसायला अगदी सारखा हो! केबल जोडल्या तर एका ट्यूनरवर झेडडीएफ झकास आणि दुसऱ्यावर तेच चॅनल नो सिग्नल. दोन तास छत्री हलवत बसलो, थंडीत, बायको आतून हसतेय. क्वाट्रोच्या प्रत्येक आउटपुटला एकच गठ्ठा कायमचा ठरलेला असतो, पुढे मल्टिस्विच, म्हणजे प्रत्येक ट्यूनरला हवा तो गठ्ठा देणारा वेगळा डबा, लावावाच लागतो. क्वाडमध्ये स्विच आतच असतो, चारही केबल स्वतंत्र, थेट ट्यूनरला जोडायच्या.

दोनच ट्यूनर असतील तर ट्विन, म्हणजे दोन आउटपुटवाला, पुरतो, मी पुढचा विचार करून क्वाड घेतला. भाड्याच्या घरात भिंतीला दुसरं भोक पाडू देत नसतील तर युनिकेबल एलएनबी बघा, एकाच केबलवर जुन्या स्टँडर्डने आठपर्यंत ट्यूनर चालतात, फक्त रिसीव्हरला ते कळायला हवं, आधी सेटिंग उघडून बघून घ्या. आणि खोक्यावर ०.१ डीबी नॉइज, म्हणजे एलएनबी स्वतः किती खरखर मिसळतो तो आकडा, लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका, छत्री नीट रोखलेली नसेल तर तो आकडा काय चाटायचाय?

क्वाट्रो अजून कपाटात पडून आहे, परत करायची मुदतही गेली. कुणाच्या बिल्डिंगमध्ये मल्टिस्विच बसवणार असतील तर सांगा, फुकट देतो, फक्त येऊन घेऊन जा.