कंपनी आधी की कायमचा परवाना? म्युनिकमधला माझा अनुभव

नोटार वाचत होता आणि मी त्याच्या ओठांकडे बघत होते. कंपनीचं नाव, उद्देश, पत्ता, भांडवल, नफा कसा वाटायचा, भागीदार गेला तर त्याच्या हिश्शाचं काय. एकही ओळ न गाळता त्याने सगळं मोठ्याने वाचलं. कायदाच तसा आहे: जर्मनीत कंपनीचा करार नोटारने पक्षकारांसमोर वाचून दाखवल्याशिवाय पक्का होत नाही. माझ्या शेजारी दुभाषी बसल्या होत्या. माझं जर्मन तेव्हा बाजारहाट आणि ऑफिसपुरतं ठीक होतं, पण करारातली वाक्यं माझ्या आवाक्याबाहेरची होती. भाषा पुरेशी कळत नसेल तर मजकूर अनुवाद करून सांगावाच लागतो, हेही कायद्यातच आहे.

आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाबाहेरचं टेबल आणि शिक्का डोळ्यांसमोर येतो. इथला नोटार हा पूर्ण शिकलेला कायदेतज्ज्ञ असतो आणि कुणाचीही बाजू न घेता सगळ्यांना समजावून सांगणं हे त्याचं कर्तव्य असतं. त्या तासाभरात मी चार वेळा थांबवून प्रश्न विचारले. प्रत्येक वेळी त्याने पेन खाली ठेवून उत्तर दिलं. परक्या देशात कुणीतरी आपल्याला एवढं नीट समजावून सांगतंय, याने मला फार धीर आला.

त्या खुर्चीपर्यंत पोचायला मला जवळजवळ तीन वर्षं लागली. त्यातली दोन वर्षं मी मुद्दाम थांबले होते. आज लिहायचंय ते त्या थांबण्याबद्दल, कारण घरून येणाऱ्या बहुतेक फोनमध्ये प्रश्न उलटा असतो: "तिकडे कंपनी काढली, पैसे गुंतवले, की राहायला मिळतं ना?"

जर्मनीत तरी नाही. इथे कुठल्याही देशाचा नागरिक कंपनीचे शेअर घेऊ शकतो, संचालक होऊ शकतो, घर विकत घेऊ शकतो. भारतात बसूनही हे करता येतं. पण यातल्या कशानेही देशात राहायचा हक्क मिळत नाही. घर घ्या आणि परवाना मिळवा अशी योजना इथे नाहीच. ज्या देशांत होती तिथेही दारं बंद होत आहेत: पोर्तुगालने ऑक्टोबर 2023 मध्ये घरखरेदीचा मार्ग काढून टाकला, स्पेनने एप्रिल 2025 मध्ये योजनाच गुंडाळली. तरी अशा योजनांची माहितीपत्रकं अजून आपल्या लोकांच्या फोनवर फिरतात, म्हणून हे आधी सांगितलं.

धंदा करण्यासाठी परवाना आहे, निवास कायद्याच्या कलम 21 खाली. त्यासाठी दाखवावं लागतं की तुमच्या धंद्याची इथे आर्थिक गरज आहे, त्याचा अर्थव्यवस्थेवर चांगला परिणाम होईल आणि पैशाची सोय पक्की आहे. पूर्वी अडीच लाख युरो आणि पाच नोकऱ्या असा ठोकताळा होता, तो 2012 मध्ये गेला. आता आकडा नाही, त्यामुळे सगळी मदार व्यवसाय आराखड्यावर येते. परदेशी नागरिकांचं कार्यालय तो आराखडा उद्योग मंडळासारख्या जाणकार संस्थांकडे मतासाठी पाठवतं. वय 45 च्या वर असेल तर म्हातारपणाची पुरेशी तरतूदही दाखवावी लागते. परवाना मिळतो तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा. धंदा नीट चालला तर त्या तीन वर्षांनी कायमचा परवाना मिळू शकतो.

वाचताना हे सरळ वाटतं. माझ्या एका मित्राने हाच रस्ता घेतला. हुशार, कष्टाळू, कामात माझ्यापेक्षा कितीतरी सरस. दुसऱ्या वर्षी त्याचा मोठा ग्राहक गेला. अशा वेळी कुठलाही व्यावसायिक शांतपणे हिशेब मांडतो: चालू ठेवायचं की बंद करायचं. त्याला ते करता येईना, कारण कंपनी बंद म्हणजे परवान्याचा आधार बंद, आणि बायकोचा, मुलीचा परवाना त्याच्या परवान्यावर. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. त्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढून कंपनीत ओतलं. इथे नियम कडक आहे: कंपनीला देणी भागवता येईनाशी झाली की संचालकाने जास्तीत जास्त तीन आठवड्यांत दिवाळखोरीचा अर्ज करायलाच हवा, मालमत्तेपेक्षा कर्ज जास्त झालं असेल तर सहा आठवड्यांत. उशीर केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. तो रात्री अकराला फोन करून विचारायचा, "अगं, तुला काय वाटतं, अजून एक महिना थांबू का?" मला उत्तर देता यायचं नाही. त्याचा धंद्याचा निर्णय आणि मुलीच्या शाळेचा निर्णय एकाच गाठीत बांधला गेला होता.

ती गाठ आपल्या बाबतीत पडू द्यायची नाही, असं मी तेव्हा ठरवलं.

मी ब्लू कार्डवर होते, यंत्रांच्या कंपनांवरून बिघाड आधीच ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर नोकरी करत होते. ब्लू कार्ड हा उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा निवास परवाना असतो. नुसते शेअर घ्यायला त्यावर अडचण नाही, पण स्वतःच्या कंपनीत काम करायला लागलात की तो स्वयंरोजगार, आणि त्याला कार्यालयाची वेगळी परवानगी हवी. पुष्कळ जण इथे घसरतात. "संध्याकाळी दोन तास करतोय, कुणाला कळतंय" असं म्हणतात. कंपनी नोंदणी खात्यात तुमचं नाव आणि जन्मतारीख कुणालाही दिसते, ऑगस्ट 2022 पासून तर फुकट दिसते. परवान्याशी असा खेळ करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

दुसरीकडे, ब्लू कार्डवाल्यांना कायमचा परवाना लवकर मिळतो: जर्मन भाषेची बी-1, म्हणजे मधली, पातळी असेल तर 21 महिन्यांत, नुसती ए-1, म्हणजे अगदी सुरुवातीची, असेल तर 27 महिन्यांत, अर्थात तेवढे महिने पेन्शनची वर्गणी भरलेली हवी. कायमचा परवाना हातात आला की नोकरी करा, धंदा करा, धंदा बुडाला तर पुन्हा नोकरी करा, कुणाला विचारावं लागत नाही. मी दोन वर्षं मंगळवार-गुरुवार संध्याकाळी भाषेच्या वर्गाला गेले. भांडवलात घातलेल्या कुठल्याही युरोपेक्षा त्या वर्गाची फी मला जास्त उपयोगी पडली. परीक्षेसाठी तर पडलीच, पण पुढे कारखान्यातल्या फोरमनशी त्याच्या भाषेत बोलता आलं, आणि माझं पहिलं काम मला त्यामुळेच मिळालं.

आता भांडवल. इथली नेहमीची मर्यादित कंपनी म्हणजे गे-एम-बे-हा (GmbH). तिला 25,000 युरो भांडवल लागतं, नोंदणीच्या वेळी निदान 12,500 भरलेले असले तरी चालतं. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, हे पैसे अनामत म्हणून अडकून पडणार. तसं नाही. ते कंपनीचेच पैसे असतात, नोंदणी झाली की धंद्यासाठी वापरता येतात. मात्र उरलेले 12,500 माफ होत नाहीत. कंपनी बुडाली तर दिवाळखोरीत नेमलेला प्रशासक ते तुमच्या खिशातून मागतो. अर्धेच भरले म्हणून जोखीम अर्धी, असं समजू नका.

एका युरोत निघणारी छोटी कंपनीही 2008 पासून आहे. तिच्या नफ्यातला चौथा भाग दरवर्षी राखीव ठेवावा लागतो, भांडवल 25,000 पर्यंत नेता येईतोवर. सल्ला, लेखन असं काम असेल तर ती पुरते. कारखान्यांना माल किंवा यंत्रणा विकायची असेल तर माझ्या मते पैसे साठवून मोठीच काढावी. आधीच आपलं आडनाव समोरच्याला उच्चारता येत नसतं, त्यात कंपनीच्या नावापुढे या छोट्या कंपनीची खूण दिसली की खरेदी विभागातला माणूस दोनदा विचार करतो. हे मी दोन ग्राहकांकडून प्रत्यक्ष ऐकलंय.

सगळ्यात कठीण गेले ते नोटारनंतरचे आठवडे. करार झालाय पण कंपनी नोंदणी खात्यात अजून चढलेली नाही, अशी एक मधली अवस्था असते. भांडवल भरायला कंपनीच्या नावाचं खातं हवं, आणि त्यात भांडवल जमा झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय नोटार अर्ज पुढे पाठवत नाही. एका बँकेने माझी कागदपत्रं सहा आठवडे ठेवून घेतली आणि मग कारण न देता नाही म्हटलं. त्या काळात एक ग्राहक काम द्यायला तयार होता. मी करार सही केला नाही. नोंदणीआधी कंपनीच्या नावाने सही करणारा माणूस त्या देण्याला स्वतः जबाबदार असतो, हे नोटारने मला पेन खाली ठेवून सांगितलं होतं. तो ग्राहक गेला. वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण सही केली नाही याचा पश्चात्ताप नाही. दुसऱ्या बँकेत जाताना पगाराच्या पावत्या, बचतीचा तीन वर्षांचा उतारा आणि पैसा कुठून आला याचं एक पानी टिपण घेऊन गेले. दहा दिवसांत खातं उघडलं. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्याने हे टिपण कुणी मागायच्या आधीच तयार ठेवावं.

नोंदणी झाली की आठवडाभरात पत्रांचा पाऊस पडतो. गरुडाची आकृती, सरकारी वाटणारं नाव, नोंदणी शुल्क म्हणून काही शे युरो ताबडतोब भरा. ही फसवणूक असते. नोंदणी सार्वजनिक असल्यामुळे त्यांना तुमचा पत्ता आयता मिळतो. नवख्या परदेशी माणसाला सरकारी पत्राची भीती वाटते, यावरच त्यांचं चालतं. कुठलंही बिल नोटारला किंवा कर सल्लागाराला दाखवल्याशिवाय भरू नका.

कराबद्दल थोडक्यात. कंपनीच्या नफ्यावर 15 टक्के कॉर्पोरेट कर, त्यावर साडेपाच टक्के अधिभार, आणि त्याशिवाय गावाचा व्यवसाय कर. हा तिसरा गावागणिक बदलतो. साडेतीन टक्क्यांना गावाच्या गुणकाने गुणायचं: म्युनिकचा गुणक 490 टक्के, म्हणजे 17.15 टक्के कर. म्युनिकला खेटून असलेल्या ग्रुनवाल्डचा 240, म्हणजे 8.4. एकूण हिशेब म्युनिकमध्ये जवळपास 33 टक्के आणि तिथे सव्वाचोवीसच्या आत. म्हणून तिथे पत्ता घेणाऱ्यांची गर्दी असते. पण कंपनीचा कारभार खरोखर तिथून चालला पाहिजे, नुसत्या टपालपेटीने भागत नाही. मी म्युनिकमध्येच राहिले. 2028 पासून कॉर्पोरेट कर दरवर्षी एक टक्का कमी होत 2032 मध्ये 10 टक्क्यांवर येणार आहे, तसा कायदा झालाय.

दादाला कंपनीत पैसे घालायचे होते. प्रेमानेच म्हणत होता, "तू एकटीने कशाला ओढतेस, मी पाठवतो ना." भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकते हे खरं. पण शेअर बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीत हिस्सा घेतला की ऑगस्ट 2022 च्या नियमांनुसार ती थेट परदेशी गुंतवणूक ठरते, हिस्सा कितीही लहान असो. पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडून ओळख क्रमांक घ्यायचा. हिस्सा 10 टक्के किंवा वर असेल तर दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यायचा. आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवायची. वर्षभरात पाठवलेली रक्कम 10 लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस आधी कापला जातो. तो पुढे करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. दादा शिक्षक आहे. माझ्या कंपनीसाठी त्याने दर डिसेंबरला सीएच्या दारात उभं राहावं, हे मला पटलं नाही. मी माझ्या इथल्या बचतीतून उभी केली. तो पहिले दोन महिने माझ्याशी तुटक बोलत होता. मग मी त्याला सगळे कागद एकेक करून वाचून दाखवले, नोटारने मला दाखवले तसे.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. नोकरीत आरोग्य विम्याचा साधारण अर्धा हप्ता मालक भरत होता, आता सगळा माझ्यावर आहे. बेकारी विमा स्वेच्छेने चालू ठेवता येतो, पण त्याचा अर्ज धंदा सुरू केल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. मला हे अकराव्या आठवड्यात कळलं, भाषेच्या वर्गातल्या एका पोलिश मैत्रिणीकडून. त्याच दुपारी अर्ज टाकला.

त्या मित्राचं सांगायचं राहिलं. त्याने शेवटी वेळेत अर्ज केला, कंपनी बंद केली आणि नोकरी शोधली. नोकरीच्या आधारावर त्याला ब्लू कार्ड मिळालं, मुलीची शाळा सुटली नाही. कर्ज अजून फेडतोय. गेल्या आठवड्यात त्याने मला बी-1 च्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "सतरा महिने झाले." मी लगेच मोजलं. चार राहिले.