भर उन्हात उपाशी बॅटरी

"सकाळी मीटर चांगला चालतो आणि ऊन कडक झालं की मान टाकतो. असं कसं हो दादा?" आरोग्य केंद्राच्या सिस्टरनी मला दारातच गाठलं. लशींचा सोलरवर चालणारा फ्रिज रात्री बंद पडला होता. लशी २ ते ८ अंशांतच राहायला हव्यात, म्हणून त्यांनी मध्यरात्रीच सगळ्या कुप्या बर्फाच्या पेटीत हलवल्या होत्या. झोप झालेली नव्हती, डोळे लाल होते.

वर्षभरातली ही दुसरी बॅटरी. पहिली खराब निघाली असं समजून बदलली, आता हीसुद्धा त्याच वाटेने निघाली होती. बॅटरी दुसऱ्यांदा मेली की दोष तिच्यात शोधायचा नसतो, एवढं मी या कामात शिकलोय. मी शिडी लावून छपरावर चढलो.

बारा वाजत आले होते. पॅनेल थेट पत्र्यावर ठोकलेलं, मध्ये जेमतेम दोन बोटं फट. खालून वारा जायला वावच नाही. तापमापीची तार पॅनेलच्या पाठीला चिकटवली, आकडा ७४ वर जाऊन थांबला. पॅनेलच्या मागच्या लेबलवर छापलेले आकडे असतात २५ अंशांचे, आणि तेही काचेखालच्या सेलच्या, म्हणजे उन्हाची वीज करणाऱ्या चकत्यांच्या, तापमानाचे. त्यावर चढणाऱ्या दर अंशाला ढोबळमानाने ०.४ टक्के व्होल्टेज उतरतं. ३६ सेलचं पॅनेल, थंड असताना १८ व्होल्टला काम करणारं. इथे त्याचा पाचवा हिस्सा उन्हानेच खाल्ला होता. टोकाला १४.४ मिळत होते. तिथून लांबलचक बारीक केबल, तिच्यात आणखी ०.९ गेले. कंट्रोलरपाशी, म्हणजे बॅटरी भरणं सांभाळणाऱ्या डब्यापाशी, उरले साडेतेरा. लेड-ॲसिड बॅटरी काठोकाठ भरायला मात्र १४ च्या वर लागतात. वरच्या टाकीत पाणी चढवायचंय आणि नळाला दाब नाही, तशी गत. सकाळी पॅनेल गार असतं तेव्हा दाब असतो, म्हणून मीटर चालतो. रोज अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट जमत, घट्ट होत जातं, आणि एके रात्री ती फ्रिजला नाही म्हणते. त्यात ती ठेवली होती बाहेर, उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत.

मला खरंच राग आला. कागदावर पॅनेल, बॅटरी, फ्रिज सगळं बरोबर जुळत होतं. पण तो कागद २५ अंशांचा होता. उष्ण कटिबंधात उजेड भरपूर आहे. जोडणी करताना उजेडाबरोबर येणाऱ्या उष्णतेचा विचार कोणी केला नाही, आणि लोक म्हणतात सोलर इथे चालत नाही.

गाडीत लोखंडी अँगल होते. पॅनेल पत्र्यापासून फूटभर उचललं आणि त्याला दहा अंशांचा उतार दिला. आडव्या पॅनेलवर पावसाचं पाणी वाहून जात नाही. खालच्या चौकटीशी चिखलाची पट्टी वाळून बसली होती आणि सेलची शेवटची ओळ झाकली होती. ती ओल्या फडक्याने घासून काढली. केबल जाड टाकली, नवी बॅटरी आतल्या सावलीच्या खोलीत आणली. अडीचला पुन्हा मोजलं, ऊन तसंच होतं. पाठ ६२ अंश, कंट्रोलरपाशी १४.९.

तीनला ढग आले. करंट ८ अँपिअरवरून एकदम दीडवर. सिस्टर घाबरल्या. "बिघडलं का पुन्हा?" मी त्यांना बाहेर नेऊन आभाळ दाखवलं. तापलेली दमट हवा दुपारी वर चढते आणि ढग बांधते, त्यामुळे सकाळचं ऊन हातचं जाऊ द्यायचं नसतं. म्हणूनच पॅनेलचा कल मी पूर्वेकडे ठेवला होता. सूर्य इथे जवळजवळ डोक्यावरूनच जातो, वर्षातला काही काळ उत्तरेकडून, बाकी दक्षिणेकडून; एवढ्याशा उतारात पूर्वेकडे वळवल्याने फारसं काही जात नाही. तेवढ्यात ढगाची कड सरकली आणि मीटर क्षणभर स्वच्छ उन्हापेक्षाही वर उडाला. थेट ऊन आणि ढगाच्या कडेवरून आलेला उजेड, दोन्ही एकदम पडले की असं होतं.

फ्रिज रिकामाच चालू ठेवला. अंधार पडल्यावर आतला काटा ५ वर आला, तरी सिस्टर आणखी अर्धा तास थांबल्या. मग एकेक डबा स्वतःच्या हाताने आत लावला.

पहाटे साडेपाचला त्यांचा फोन. "दादा, रात्रभर चालू होता. आत ४ आहे. वहीत लिहिलंय."