रिकाम्या हातांनी बसण्याबद्दल

मी राहते त्या स्कॉटलंडमधील एडिनबरात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सकाळी पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि दुपारी पावणेचार वाजण्याआधीच मावळतो. ही गोष्ट नाशिकमध्ये कोणालाही सांगितली की पुढचे वाक्य ठरलेले असते: "म्हणजे त्या थंडीनेच तुझे सांधे धरले." थंडीत माझे दुखणे वाढते हे खरे आहे, परंतु थंडीमुळे हा आजार होत नाही, उष्ण प्रदेशांतही तो सर्रास आढळतो. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे पुष्कळ जण त्याला आमवात म्हणतात आणि त्याहून अधिक जण नुसतेच संधिवात म्हणून आजीच्या झिजलेल्या गुडघ्यांच्या रांगेत बसवून मोकळे होतात. वास्तविक गुडघ्याची झीज वयोमानाने व वापराने वाढत जाते, तर या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते, त्यामुळे ते अस्तर सुजते आणि वेळेवर उपचार न झाल्यास सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट अधिक दिसतो आणि पुष्कळदा तो तिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे घरात व कामावर दोन्हीकडे माणूस हवाहवासा असतो नेमक्या त्याच वयात, सुरू होतो.

बाहेरून पाहणाऱ्याला मी धडधाकट दिसते, आणि या आजारासोबत घरी राहण्यातील निम्म्या अडचणी याच एका गोष्टीतून उगवतात.

सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत. हा ताठरपणा तासभर, कधी त्याहूनही अधिक काळ टिकतो, आणि त्या वेळात दात घासणे, केसांना चिमटा लावणे, शर्टाची बटणे लावणे ही सगळी कामे शत्रुपक्षात गेलेली असतात. म्हणून माझा दिवस इतरांच्या आधी सुरू होतो, पण कामाने नव्हे. किटलीत अर्धेच पाणी असते, कारण भरलेली किटली मनगटाला पेलत नाही. कोमट पाण्यात दोन्ही हात बुडवून मी रेडिओ ऐकत बसते. शरद ऋतू लागला की ड जीवनसत्त्वाची गोळीही न चुकता घेते. इथे हिवाळ्यात सूर्यप्रकाश इतका अपुरा असतो की रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार प्रत्येकाने करावा, असा सरकारी सल्लाच आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी तो बाराही महिने करावा, असे सांगितले जाते.

स्वयंपाकघरात खरी परीक्षा पोळ्यांची असते. कणीक तिंबताना तळहात, मनगट आणि अंगठ्याचे मूळ या तिघांवर एकाच वेळी जोर येतो, आणि हीच तीन ठिकाणे माझ्या आजाराला सर्वांत प्रिय आहेत. त्यामुळे कणीक यंत्र मळते, चांगल्या दिवशी मी थोड्या पोळ्या लाटते आणि एरवी भात, किंवा दुकानातील गोठवलेल्या पोळ्या. ऑक्युपेशनल थेरपिस्ट नावाच्या तज्ज्ञ बाईंनी मला शिकवलेले तत्त्व असे की लहान सांध्याचे काम मोठ्या सांध्याकडे द्यावे: पिशवी बोटांत न अडकवता कोपराजवळ घ्यावी, पातेले एका हाताच्या चिमटीत न धरता दोन्ही तळव्यांवर उचलावे, बरणीचे झाकण रबरी तुकडा धरून तळहाताने फिरवावे. कुकरच्या झाकणावर मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हते, कारण आपला कुकर त्यांनी पूर्वी पाहिलाच नव्हता. तो मी घेऊन गेले, दाखवला, आणि आम्ही दोघींनी मिळून त्याच्या मुठीवर जाड फोम गुंडाळला.

नाशिकला भांडी व लादी करायला मावशी येतात, वरच्या मजल्यावरील काकू वाटीभर आमटी पाठवतात, रक्त तपासायचे असेल तर प्रयोगशाळेचा मुलगा घरी येऊन नमुना घेऊन जातो. इथे यातील काहीच नाही. इथे जे आहे ते कागदावर आहे, आणि त्याचे मोलही मी कमी लेखणार नाही. स्कॉटलंडमध्ये 2011 पासून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. 2010 च्या समानता कायद्यानुसार दीर्घकालीन आजार जर रोजच्या व्यवहारात मोठा अडथळा आणत असेल, तर कामाच्या ठिकाणी वाजवी फेरबदल करून देणे मालकावर बंधनकारक आहे. त्याच वर्षी आजारपणाच्या दाखल्याचे स्वरूपही बदलले आणि 'काम करू शकत नाही' याखेरीज 'अमुक फेरबदल केल्यास करू शकेल' असे लिहिण्याची सोय डॉक्टरांना मिळाली. मी दहा वाजता काम सुरू करते आणि जेवणाच्या सुट्टीला जोडून आडवी होते, ही गोष्ट माझ्या कार्यालयात लेखी नोंदलेली आहे. नाशिकच्या ओळखीच्या बायकांना यातले सर्वांत अद्भुत वाटते ते हे की, आडवे होण्याची नोंद कोणीतरी कागदावर केली आणि कोणी हसले नाही.

औषधाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इंदिरानगरच्या मावशीलाही आता तेच सुरू झाले आहे. मेथोट्रेक्सेट हे या आजारातील जुने व भरवशाचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतू शकते, म्हणून गोळ्यांच्या डबीवर वार ठळक लिहिणे आणि घरातील आणखी एका व्यक्तीला तो माहीत असणे आवश्यक आहे. सोबत फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या वारी घ्यायचे, यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या ठरल्या वेळी करायच्या, आणि 'आता बरे वाटते' म्हणून स्वतःच्या मनाने थांबवायचे नाही. माझा वार शुक्रवार आहे. शनिवारी मळमळ आणि मरगळ असते, त्यामुळे माझ्या दिनदर्शिकेत शनिवार कोरा असतो, आणि शनिवारचे लग्न हे माझ्यापुरते न झालेले लग्न.

विश्रांतीचा मुख्य नियम मात्र कोणत्याही गोळीपेक्षा अंगी बाणवायला कठीण आहे. थकल्यावर विश्रांती घ्यायची नाही, थकण्याआधी घ्यायची. या आजारातील थकवा झोपेने उतरत नाही, आणि एखाद्या चांगल्या दिवशी उत्साहाच्या भरात कपाट आवरले, बाजार केला, वर फराळाचे भाजायला घेतले, की पुढचे कित्येक दिवस त्याची फेड करण्यात जातात. म्हणून चांगला दिवस आणि वाईट दिवस यांतील काम शक्य तेवढे सारखे ठेवायचे, प्रत्येक कामाचे तुकडे करायचे आणि दोन तुकड्यांमध्ये, दमणूक नसतानाही, अंग टेकायचे. चांगल्या दिवशी हे करणे म्हणजे शिक्षाच वाटते. आपल्याकडे विश्रांती ही कामाच्या शेवटी मिळणारी बक्षिसी असते. कामाच्या मध्यावर, चेहरा टवटवीत असताना ती मागणारी बाई आळशी ठरते.

इथेच माझे विणकाम उपयोगी पडले. लोकरीचे काम ओळीने मोजता येते, त्यामुळे थांबण्याची जागा डोळ्यांना दिसते. क्रोशाने एक ओळ खांबाची झाली की सुई खाली ठेवायची, बोटे पसरायची, खिडकीपर्यंत जाऊन यायचे, असा माझा क्रम आहे. 'आणखी एकच ओळ' हा मोह विणणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असेल. माझ्या सांध्यांच्या बाबतीत तो मोह नसून सापळा आहे. साधनांचाही विचार करावा लागला. बारीक सुईने दोऱ्याच्या रुमालाची नाजूक नक्षी करायची तर सुई घट्ट चिमटीत धरावी लागते, म्हणून तो प्रकार मी सोडला. आता जाड रबरी मुठीची पाच-सहा मिलिमीटरची क्रोशाची सुई वापरते. सुती दोरा ताणला जात नाही आणि त्याचा सगळा हिसका बोटांना बसतो. लोकर थोडी ताणली जाते, म्हणून ती हाताला सोसते. दोन सुयांवर विणायचे असेल तर वायरने जोडलेल्या बांबूच्या गोल सुया बऱ्या, कारण विणलेल्या कापडाचे वजन मनगटांवर न लटकता मांडीवर राहते. शेटलंड बेटांवरील बायका पूर्वी इतकी तलम शाल विणत की ती लग्नाच्या अंगठीतून आरपार जाई. संग्रहालयात ती पाहताना मी आधी नक्षी पाहत नाही, त्या बोटांचे पुढे काय झाले असेल, हा विचार करते.

माझे मूळ शिक्षण मात्र गोधडीवर झाले. पंचवटीतील आमच्या वाड्यात जेवणे आटोपली की आजी आणि शेजारच्या बायका जुन्या नऊवारी लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरत आणि चारी बाजूंनी बसून धावदोरा घालत. दिवसभरात त्या बायका बसलेल्या दिसत त्या तेवढ्याच वेळी. मला ती दृश्ये अनेक वर्षे फार गोड वाटत आली. परंतु आजारपणात, एकटीच्या घरात, कोणी पाहणारे नसताना सोफ्यावर नुसते पडून राहणे मला जमत नव्हते आणि मांडीवर लोकर घेतली की जमत होते, हे ध्यानात आल्यावर त्या दुपारींचा दुसरा अर्थ लागला. त्या बायकांना बसण्याची मुभा होती ती हात चालत असल्यामुळे. गोधडी हा त्यांच्या विश्रांतीचा परवाना होता. तोच परवाना मी समुद्रापार नेला होता आणि तो तपासायला तिथे कोणीही नव्हते.

आजार बळावतो तेव्हा बोटे पावासारखी फुगतात आणि सुई धरता येत नाही. मग परवानाही जातो. अशा दिवसांत हस्तकला मन रमवते, दुखण्याचा विसर पाडते वगैरे उपदेश कुचकामी असतो, कारण ज्या हातांनी मन रमवायचे तेच हात आजारी असतात. त्यामुळे मी रिकाम्या हातांनी बसण्याचा वेगळा सराव ठेवला आहे. दुपारी ठरल्या वेळी मनगटांना पट्टे बांधून, उशीवर हात ठेवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मी पडून राहते. पुस्तक नाही, मालिका नाही, जपही नाही. आईला यातला जप नसण्याचा भाग अजून पटलेला नाही.

हिवाळ्यात मी काही आठवडे नाशिकला येते तेव्हा या सरावाची कसोटी लागते. ऊन भरपूर असते, गच्चीवर बसले की सांधे सैल होतात. पण रात्रीचा पारा डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि आपल्या घरांत एडिनबऱ्यासारखी घर गरम ठेवण्याची सोय नसते, त्यामुळे पहाट तिथल्यापेक्षा नाशिकलाच अधिक बोचते. त्याहून मोठी अडचण माणसांची. परदेशातून आलेली मुलगी म्हणजे भेटायला येणारे, आणि येणाऱ्याला कळवून येण्याची पद्धत नाही. पहिला प्रश्न तब्येतीचा असतो, दुसरे वाक्य 'दिसतेस तर छान' हे असते, आणि तिसऱ्या वाक्यात कोणाच्या तरी भाचीला अमुक काढ्याने पूर्ण गुण आल्याचे कळते. या प्रेमाची किंमत मला कळते; एडिनबऱ्यातील आजारपणात दारावरची घंटा कितीतरी दिवस वाजत नाही. तरीही दुपारी दोन ते साडेतीन दार बंद, हे आईने आणि मी ठरवून टाकले आहे. सुरुवातीला आई येणाऱ्यांना 'ती कार्यालयाचे काम करते आहे' असे सांगत असे. मी तिला तसे न सांगण्याची विनंती केली. आता ती 'ती पडली आहे' एवढेच सांगते. एक काकू या उत्तरावर रुसल्या होत्या. पुढच्या वेळी चार वाजता आल्या आणि पाच वाजेपर्यंत बसल्या, म्हणजे नुकसान कोणाचेच झाले नाही. 2027 च्या सिंहस्थासाठी मुक्कामाला येणार असल्याचे पुण्याच्या व सोलापूरच्या पाहुण्यांनी आत्ताच कळवून ठेवले आहे. घर रामकुंडाच्या इतके जवळ असल्यावर ते येणारच, आणि दुपारच्या दाराचा नियम तेव्हा टिकेल असे मला वाटत नाही. त्या दिवसांत इंदिरानगरच्या मावशीकडे झोपायला जायचे, असा आमचा बेत आहे.

हौसेच्या कामावर मुदत घालायची नाही, हाही याच नियमांतील एक नियम आहे आणि नातेवाइकांना तो सर्वांत जड जातो. लोकरीचे तोरण, दिवाळीचे रुमाल, देवाची आसने अशा मागण्या प्रेमानेच येतात, पण मागणीबरोबर तारीख आली की विणणे हे पुन्हा काम होते आणि ओळीनंतर थांबणे अशक्य होते. मामेबहिणीच्या मुलीने यंदा पूर्ण बाळंतविडा मागितला. मी टोपडे कबूल केले, कारण ते चार बैठकांत होते. दुपटे सुरू केले आहे, मऊ पिवळ्या लोकरीचे आहे, आणि त्याला तारीख नाही, हे तिला स्पष्ट कळवले आहे. तिने उलट लिहिले की तोवर बाळ शाळेत जाऊ लागले तर ते खांद्यावर घेऊन जाईल.